उल्का पडली

रविवारी सकाळी साडेनऊला, लष्करात,
मंडळाच्या हॉलमध्ये मी मराठीचा वर्ग घेतो.
आयुष्य लेखापरीक्षेत गेलं,
लाल पेन्सिल तेवढी सुटली नाही.
मुलं सरावावरून थेट येतात.
हॉकीच्या काठ्या दाराशी, छत्र्यांच्या पिंपात,
आणि घरीदारी हिंदी बोलणारी ती दहा-बारा तोंडं
माझ्यासाठी मराठी चघळत चघळत बाहेर काढतात.

त्या दिवशी नाम होतं.
म्हटलं, तुमच्याच मैदानावरून जाऊ.
चेंडू? सामान्यनाम. जगातले सगळे चेंडू त्यात मावतात,
चिरलेले, हरवलेले, गटारात गेलेलेसुद्धा.
पंच? सामान्य.
इथे हशा. परवाचा पंच सगळ्यांना आठवला.
संघ, शिट्टी, जाळी. हार?
थांबा, ती पुढच्या रविवारी, भाववाचकात.
शहर सामान्य, ग्वाल्हेर विशेष.
नदी सामान्य, स्वर्णरेखा विशेष.
"पण सर, तिला तर सगळे नालाच म्हणतात,"
लोकेंद्र मोहिते म्हणाला,
आणि मी खडू खाली ठेवला.
असंही होतं रे. नावावरून उतरवतात कुणाकुणाला.

मग त्यानंच विचारलं, इंग्रजीत बरं आहे,
विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं.
आपल्यात ओळखायचं कसं?
आपल्यात, म्हटलं, सगळी अक्षरं एकाच रेघेला टांगलेली.
कर्णधार काय नि राखीव गडी काय, उंची तीच.
ओळखायचं वाक्यावरून.
आणि फळ्यावर लिहिलं:
काल संध्याकाळी मैदानावर उल्का पडली.

वर्ग फुटला.
तिसऱ्या रांगेत उल्का शिरढोणकर,
गुडघ्यावर आयोडिनचा पिवळा नकाशा.
ती हसली नाही. उभी राहून म्हणाली,
"पडले नाही सर. टाकलं स्वतःला.
चेंडू रेषेच्या आत चालला होता."

दोन वर्षं यादीत ती फक्त 'राखीव' होती.
मग 'सहा नंबर' झाली. भोंग्यावरून तेवढंच ऐकू यायचं.
नियम मी ठासून सांगितला होता:
विशेषनामाला अनेकवचन नसतं. एक म्हणजे एकच.
चाचणीत तिनं लिहिलं, एक उल्का, अनेक उल्का.
आभाळातली असेल तर बरोबर,
स्वतःची असेल तर चूक.
अर्धा गुण दिला.
लेखापरीक्षकाला हे शोभत नाही.

किती वर्षं झाली. ती आता बीनाला,
रेल्वेत, तिकिटं तपासते.
आणि काल थाटीपूरच्या मैदानाच्या कडेनं येताना
गोलातून एक किंकाळी आली:
"उल्का मार! अगं, उल्का मार!"
एक अंगठ्याएवढी पोर आडवी झाली,
सपाट, काठी जमिनीला चिकटलेली,
धुळीचा लांब फराटा,
आणि चेंडू तिथंच, गुमान.

नंतर बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत
ती मोजत होती, आज तीन उल्का मारल्या मी.
तीन.
विचारलं, उल्का कोण गं?
"कोण नाही आजोबा,"
ढ मुलाला समजवावं तसं तिनं मला समजावलं,
"उल्का म्हणजे असं आडवं जायचं. उशीर झाला की."

रात्री बीनाला फोन लावला.
मागे गाड्यांची घोषणा, निम्मे शब्द तिच्यात गेले.
सगळं ऐकून ती गप्प. मग म्हणाली,
"म्हणजे सर, मी सामान्य झाले?"
तेवढ्यात गाडी आली,
आणि माझं उत्तर, जे तयार नव्हतं,
डब्यांच्या आवाजाखाली निभावून गेलं.

जुन्या फायलीतून ती चाचणी काढून ठेवली आहे.
पेन्सिलीला टोक केलंय.
राहिलेला अर्धा गुण द्यायचा हे नक्की,
कुठल्या रकान्यात, ते बघतोय.